पाणी पिणारा कट्टा

लाकडावर बोटाच्या सांध्यानं टकटक करून पाहायची सवय मला माहेरापासून आहे. माझे वडील लाकडाच्या वखारीत कारकून होते. शाळा सुटली की मी तिथंच, ओंडक्यांवर बसून अभ्यास करायची. भरीव लाकूड बोटाला लागतं आणि त्याचा आवाज आखूड असतो. पोकळ लाकडाचा आवाज लांब जातो. एवढं कळायला विद्वत्ता लागत नाही, कान लागतो. म्हणून बेंगळुरात चामराजपेटेतल्या नव्या घरात आमचं सामान उतरत होतं तेव्हा मी मागच्या खोलीच्या चौकटीवर सहज टकटक केलं.

चौकट पोकळ होती. ते लगेच कळलं. पण मी बोट काढून घेतलं आणि आतून उत्तर आलं. सुपातून बारीक वाळू घसरावी तसा आवाज. खालून सुरू झाला, चौकटीच्या आतून वर वर गेला, माझ्या डोक्याशी येऊन थांबला. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा तसंच. भर दुपार होती, दारात सामानाची बैलगाडी उभी होती, माझी दोन्ही मुलं अंगणात भांडत होती, आणि मी त्या चौकटीकडे पाहत होते.

"काय झालं?" यजमानांनी डोक्यावर गादी घेऊन जाता जाता विचारलं.

"चौकट बोलते."

"काय म्हणते?"

"पोकळ आहे म्हणते."

"जुनं घर आहे. सरी, असू दे. आता गादी कुठं ठेवू ते सांग."

घर घेण्याआधी मला ते दाखवलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती. घर पुरुषांनी पाहायचं आणि बायकांनी त्यात राहायचं. हे घर माझ्या सासऱ्यांनी पसंत केलं होतं. मी त्यांना मामंजी म्हणत असे, यजमान अण्णा म्हणत. भाषावार नवं म्हैसूर राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मामंजी नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते. "आपलं घराणं या गावात येऊन तीनशे वर्षं झाली," ते नेहमी म्हणत, "आणि तीनशे वर्षांत खिळा ठोकायला स्वतःची भिंत नाही." म्हणून निवृत्तीच्या वेळी जे हातात आलं ते सगळं या घरात घातलं. सासूबाई आधीच गेल्या होत्या, त्यामुळं त्यांना दोन शब्द सुनावणारं घरात कोणी नव्हतं.

आणि त्यांनी घर पसंत केलं ते मागच्या खोलीतल्या कट्ट्यामुळं.

हा कट्टा भिंतीला लागून होता. गुडघ्याएवढा उंच, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढा, वरून तांबड्या रंगाचा गिलावा घोटून चकचकीत केलेला. मागच्या बाजूला, भिंतीजवळ, रुपयाच्या नाण्याएवढं भोक होतं. घर विकणारा वृद्ध गृहस्थ मामंजींना म्हणाला होता, "या कट्ट्याला धक्का लावू नका. आमच्या वडिलांपासून इथं पूजा चालत आलेली आहे." मामंजींना देवघर आयतंच मिळालं. कसली पूजा, कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. परक्या घरच्या देवांची चौकशी करणं आमच्याकडे असभ्य समजतात. कुळाचार ज्याचा त्याचा. तो गृहस्थ सांगायला बांधलेला नव्हता आणि मामंजी विचारायला धजले नाहीत. इतर कुठल्याही गोष्टीबद्दल, नळाबद्दल, गच्चीबद्दल, त्यांनी पन्नास प्रश्न विचारले असतील.

कट्ट्यावर आमचे देव मांडले गेले. मामंजी रोज सकाळी सात ते नऊ सोवळं नेसून देवांसमोर, कट्ट्यावरच बसत. अभिषेकाचं दूध आणि पाणी त्या भोकात सोडत. देवाचं तीर्थ पायाखाली येऊ नये म्हणून पूर्वीच्या माणसांनी केवढी सोय केली आहे बघा, असं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. पाहुणेही कौतुक करत. भोक कधी भरत नसे. तांब्याभर ओता, दोन तांबे ओता, पाणी आवाज न करता आत जाई. घराबाहेर त्याची मोरी कुठं निघते ते मी शोधलं. ती कुठंही निघत नव्हती.

त्या मार्गशीर्षात बेंगळुरात चांगलीच थंडी होती. फरशीवर पाय ठेववत नव्हता. पण कट्टा कोमट असे. मी पुसायला हात लावला तेव्हा मला वाटलं मामंजी आत्ता उठून गेलेत म्हणून असेल. मग एकदा ते चार दिवस नात्यातल्या लग्नाला म्हैसूरला गेले. चौथ्या दिवशीही कट्टा कोमटच होता, तापातून उठलेल्या मुलाच्या कपाळासारखा. मी मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, "देवाची ऊब आहे." मी म्हटलं, "मग ती स्वैपाकघरात का नाही?" त्यावर ते हसले. त्यांना राग आला नाही. त्या दिवसांत ते फार खुशीत असत.

पुढच्या चार-पाच महिन्यांत घरातल्या वस्तू आतून जाऊ लागल्या. आतूनच. बाहेरून काही दिसत नसे. भिंतीवरची तसबीर उतरवली तर मागं लाल मातीची दुसरी तसबीर, अगदी तेवढ्याच मापाची, भिंतीला चिकटलेली. लाकडी पेटीचं झाकण उघडलं ते माझ्या हातात आलं, आणि हातात त्याचा चुरा झाला. हे सगळं वाळवीचं काम आहे हे न कळायला मी काही मूर्ख नव्हते. रॉकेल लावलं, डांबर फासलं, डीडीटीची पूड टाकली. चार दिवस शांत. पाचव्या दिवशी दुसऱ्या भिंतीवर मातीची नवी वाट. कुठून येतात ते सापडेना. दुपारी मुलं शाळेत आणि यजमान कचेरीत असले की मी घरभर फिरून टकटक करत असे. हळूहळू बहुतेक सगळं लाकूड उत्तर द्यायला लागलं. माझ्या मागोमाग ती सरसर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येई.

वैशाखात एके दिवशी दुपारी वळवाची सर येऊन गेली. दिवेलागणीला मी निरांजन लावलं आणि कट्ट्याच्या भोकातून पंखांचे किडे वर आले. एक, दोन, मग दाटीवाटीनं, धूर निघावा तसे. देवांवर बसले, निरांजनावर पडले, मामंजींच्या शेंडीत शिरले. पाव तासात खोलीभर नुसते पंख उरले. किडे कुठं गेले ते दिसलं नाही. मी दोन सुपं पंख भरून बाहेर टाकले.

"आता तरी बघायचं का, खाली काय आहे ते?" मी यजमानांना विचारलं.

"अण्णांना कोण सांगणार?"

"तुम्ही. तुमचे वडील आहेत."

"म्हणूनच तर."

श्रावण आला. नागपंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, भाजायचं नाही, खणायचं नाही. पाटावर गंधानं नाग काढायचा, दूध-लाह्या दाखवायच्या, पुरणाचे दिंड उकडायचे, झालं. मी दिंड उकडत होते. मामंजी पूजेला बसले होते. इतक्यात देवघराच्या भिंतीत खरवडल्याचा आवाज आला. वाळवीचा नव्हे. नखांचा. मामंजींचा मंत्र थांबला, मग पुन्हा सुरू झाला, जरा मोठ्यानं. मी मागचं दार उघडून बोळात गेले.

बोळात सात-आठ बायका उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, हातात दुधाचे तांबे, हळद, फुलं. शेजारच्या घरातली थोराड बाई, जिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, आमच्या भिंतीचा चुना नखानं खरवडत होती.

"भोक कुठं गेलं?" तिनं मलाच दरडावून विचारलं.

"कसलं भोक?"

"हुत्तक्के तनी एरीबेकु, मराठी अम्मा." हुत्त म्हणजे वारूळ. वारुळावर दुधाची धार धरायची होती तिला. "दरवर्षी इथं धरतो. त्या म्हाताऱ्यानं जाता जाता बुजवून वरून चुना मारलेला दिसतोय."

"या भिंतीत वारूळ आहे?"

"भिंतीत नाही हो. भिंतीच्या पलीकडं. तुमच्या घरात."

मागं एकजण फस्सकन हसली. "इतके महिने राहतात आणि यांना माहीत नाही!"

"रोज सकाळी तुमच्या सासऱ्यांचा मंत्र ऐकू येतो आम्हाला," अक्का म्हणाली. "आम्ही आपसात म्हणायचो, मराठी लोक भारी भक्तीचे, नागाला वर्षातून एकदा नाही, रोज दूध घालतात."

तिनं जे सांगितलं ते असं. इथं नुसती मोकळी जागा होती तेव्हा तिच्यावर पुरुषभर उंच वारूळ होतं. विकणाऱ्याच्या वडिलांनी जागा घेतली. वारूळ मोडायला गवंडी तयार होईना आणि सोडून द्यायला घराची जागा पुरेना. मग त्यांनी वरचा भाग तेवढा उतरवून घेतला, उरलेल्याला चारी बाजूंनी विटा लावल्या, गिलावा केला आणि त्याच्याभोवती खोली बांधली. बायकांसाठी बाहेरून एक भोक ठेवलं, श्वासासाठी आतून एक.

"कोणाच्या श्वासासाठी?" मी विचारलं.

"ते मी कशाला पाहायला जाऊ?"

"साप आहे का त्यात?"

"असेल, नसेल. आपण काय त्याला बोलावतो?" असं म्हणून तिनं भिंतीवरच दूध ओतलं. चुन्यावरून ते खाली ओघळलं आणि बायका निघून गेल्या.

म्हणजे नऊ महिने मामंजी रोज दोन तास एका जिवंत वारुळावर मांडी घालून बसत होते, आणि त्याला दूधपाणी पाजत होते. घरभर ओल कुठून येते, वाळवीला एवढं बळ कुठून येतं, सगळं एका वाक्यात समजलं. यजमानांनी विकणाऱ्याला दोन पत्रं टाकली. तो गाव सोडून मुलाकडे गेला होता, उत्तर आलं नाही. कचेरीतल्या एका जाणकारानं खरेदीखत वाचून सांगितलं की घर आहे त्या स्थितीत घेतल्याचं तुम्ही सही करून मान्य केलेलं आहे. तो विषय मी तिथंच सोडला. मला दुसरी काळजी लागली होती. कट्ट्याच्या बरोबर वर, मामंजींच्या डोक्यावर, गच्चीचा भार घेणारी तुळई होती.

मी सुतार बोलावला. शिडीवर चढून त्यानं तुळईला गिरमिट टेकवलं. फिरवलंच नाही, नुसतं ढकललं. ते मुठीपर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तशी भोकातून लाल मातीची बारीक धार सुरू झाली. ती देवांवर पडत राहिली, थांबेचना. सुतार हळूच खाली उतरला.

"अम्मा, इथं जोरात बोलू नका."

"लाकूड किती शिल्लक आहे?"

"लाकूड नाही. हिरवा रंग आहे आणि आत माती आहे."

"मग गच्ची कशावर उभी आहे?"

"सवयीवर."

तुळईला धीर, म्हणजे टेकूचा खांब, लावायचा तर तो बरोबर मधे, कट्ट्यावरच उभा करायला हवा होता. पण कट्टा आतून पोकळ. त्यावर भार दिला की तोच खचणार, आणि त्या हादऱ्यानं तुळई. म्हणून आधी कट्टा मोडायचा, खड्डा दगडांनी भरायचा, मग धीर, मग नवी तुळई. "ते सगळं मी करतो," सुतार म्हणाला, "पण हुत्त मोडणारा मी नाही. दुसरा कोणी बघा. आणि म्हाताऱ्याला आधी तिथून उठवा."

त्याच संध्याकाळी मी मामंजींना सगळं सांगितलं. यजमान दाराशी उभे राहून पंचा घडी करत होते, उलगडत होते, पुन्हा घडी करत होते.

"वारूळ," मामंजी म्हणाले. "तुळई तर ठणठणीत दिसते."

"रंग ठणठणीत आहे, मामंजी."

"चातुर्मासात मांडलेले देव हलवत नाहीत. कार्तिकातली एकादशी होऊ दे."

"तोपर्यंत तुळई थांबेल?"

"ते तुळईला विचार. तुझ्याशी बोलतात ना लाकडं."

मग मी त्यांना त्यांची पोथी सोडायला सांगितली. ती पोथी त्यांना मुखोद्गत होती. रोज ती लाल कापडात बांधलेली पुढ्यात ठेवून, नमस्कार करून, न सोडताच ते म्हणत. त्यांनी गाठ सोडली. वरची पाटी होती, खालची पाटी होती, चारी बाजूंनी पानांच्या कडा होत्या. मधे माती होती. अक्षरांच्या जागी बारीक बारीक वाटा होत्या, ओळींसारख्याच, डावीकडून उजवीकडे. मामंजींनी त्यावर बोट ठेवलं आणि पहिली ओवी म्हटली, जणू ती तिथं लिहिलेली होती. पोथी पुन्हा बांधली.

"मला पाठ आहे," ते म्हणाले. नंतर यजमान आत गेल्यावर हळू आवाजात, माझ्याकडे न पाहता, म्हणाले, "घर मी पसंत केलं, सूनबाई. मी तिथून उठलो की ते नापसंत झालं."

मला त्यांचं म्हणणं समजलं. पण त्यानं तुळईत लाकूड येणार नव्हतं. पुढचे दिवस मी रोज सकाळी सात ते नऊ दारात उभी राहू लागले. चहा नाही, भाजी नाही, मुलांच्या वेण्या नाहीत. नुसती उभी. गिरमिटाच्या भोकातून माती पडत राहायची. मामंजींच्या पांढऱ्या उपरण्यावर, उजव्या खांद्यावर, एक लाल रेघ तयार व्हायची आणि हळूहळू तिचा ढीग व्हायचा. ते झटकत नसत.

शेवटी मी अक्काकडे गेले. म्हटलं, "गवंडी तयार नाहीत. तुमच्या नागाचं काय करायचं ते तुम्ही सांगा. मला त्या तुळईखालून माणूस बाहेर काढायचा आहे."

मला वाटलं होतं ती भांडेल. ती पलंगावर बसून वाटाणे सोलत होती. सोलतच राहिली. "मोडायचं नाही," ती म्हणाली, "हलवायचं. कोपऱ्यावर पिंपळाचा कट्टा आहे ना, नागाचे दगड ठेवलेला? तिथं माती न्यायची. सगळी. टोपलीनं, डोक्यावरून. पहिला घाव मी घालीन. मग गवंडी येतात की नाही बघते." मग म्हणाली, "तुम्ही आधीच विचारायचं. एवढी शिकलेली माणसं तुम्ही."

रविवार ठरला. मी मामंजींना आदल्या दिवशी सांगितलं. रविवारी ते एक तास आधी, सहालाच, पूजेला बसले. आठला अक्का पहार घेऊन आली, तिच्यामागं दोन गवंडी, टोपल्या घेतलेल्या बायका, सुतार. मामंजींची पूजा संपली होती. देव त्यांनी स्वतःच वेताच्या टोपलीत भरून बाजूला ठेवले होते, त्यावर पांढरं वस्त्र घातलं होतं. पण स्वतः उठले नाहीत. डोळे मिटून रिकाम्या कट्ट्यावर बसून राहिले.

"अण्णा," यजमान म्हणाले. "अण्णा, उठता का?"

सुतारानं वर पाहिलं. माती आता धारेनं पडत नव्हती, खड्यांनी पडत होती. टप. थांबायचं. टप.

मी आदल्या दिवशीचं, निजताना नेसलेलं पातळ नेसले होते. अंघोळ झालेली नव्हती. मी आत गेले आणि कट्ट्यावर, मामंजींच्या अगदी शेजारी, त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले. लग्न होऊन तेरा वर्षं झाली होती, त्या तेरा वर्षांत मी त्यांच्यासमोर पाटावरसुद्धा बसले नव्हते. बाहेर बायकांमध्ये कोणीतरी "अय्यो" म्हणालं. कट्टा पायाखाली गरम लागत होता, आणि त्याच्या आत काहीतरी सतत सरकत होतं. ते कानाला नाही, हाडांना कळत होतं. मामंजींना ते नऊ महिने कळत नसेल असं मला वाटत नाही.

"सूनबाई, हे काय?"

"मीही बसते. एकाच वेळी काय ते होऊ दे. पोरांना हे पाहतील."

त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुळईकडे. सोवळं मोडलं होतं. त्यांना अंघोळ करणं भाग होतं, त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. ते उठले आणि न्हाणीघराकडे गेले. मी उठले ते थेट बोळापर्यंत गेले. अक्कानं मला धरून पायरीवर बसवलं. "स्वल्प नीर कोडी," ती ओरडली, पाणी आणा म्हणून. मग पहार उचलून आत गेली.

सुतारानं तुळईच्या दोन्ही टोकांना भिंतीशी तिरके वासे लावले. अक्कानं दूध शिंपडून पहिला घाव घातला. कट्ट्याचा वरचा थर निघाला तशी आतून वाफ आली. माणसानं तोंडाजवळ तोंड आणून श्वास सोडावा तशी, ओलसर, कुबट. आत पांढरट, सुरकुतलेले गोळे होते, अक्रोडाच्या गरासारखे, आणि त्यांच्यावर वाळवी, दूध सांडल्यासारखी. मामंजींनी वाहिलेली तुळशीची पानं एकावर एक चिकटून त्यांची चवड झाली होती. अक्षता होत्या. मागच्या बाजूला बायकांनी वर्षानुवर्षं टाकलेले चांदीचे, तांब्याचे बारीक नाग होते, ओंजळभर, काळे पडलेले. आणि आतल्या भोकाखाली, मामंजींच्या मांडीपासून जेमतेम हातभर खाली, एक कात होती. अखंड. गवंड्यानं ती चिमटीत धरून पाहिली.

"जुनी आहे?" मी विचारलं.

"मऊ आहे," तो म्हणाला.

साप नव्हता. भिंतीतलं भोक बुजवलेलं होतं आणि आतल्या भोकासमोर मामंजी बसलेले असत. तो कुठून आला आणि कुठून गेला, हे मी विचारलं नाही. अक्कानं कात फुलांसह टोपलीत ठेवली. बायका रांगेनं माती नेत होत्या. न्हाऊन आलेले मामंजी ओसरीवर देवांची टोपली मांडीवर घेऊन बसले होते, आणि एकेक टोपली त्यांच्यासमोरून जात होती.

दुपार कलेपर्यंत गवंडी छातीइतके खाली गेले. तिथं वाट फिरली. मनगट जाईल एवढं बीळ, गुळगुळीत, दिवाणखान्याच्या भिंतीखालून पलीकडे गेलेलं. गवंड्यानं त्यात पहार घातली. ती सगळी आत गेली, कशालाही लागली नाही.

"राणी इकडं आहे," तो म्हणाला. "दिवाणखान्याची फरशी काढावी लागेल."

"आणि ही भिंत?"

"भिंतीचं सांगता येत नाही."

"नाही काढली तर?"

"पुन्हा येतील. दोन वर्षांत, वीस वर्षांत. त्यांना घाई नसते."

खोलीत मी, तो आणि सुतार एवढेच होतो. यजमान बायकांबरोबर पिंपळापर्यंत गेले होते. मी त्या बिळाकडे पाहिलं. दिवाणखान्यात माझी मुलं निजत. भिंतीवर गच्चीचा अर्धा भार होता. "डांबर ओता, डीडीटी ओता," मी म्हटलं, "आणि दगड-चुन्यानं भरून टाका."

आठ दिवस देव टोपलीत राहिले. मामंजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. जेवायला बसत, पानात वाढलेलं जेवत, उठत. नवव्या दिवशी सुतारानं जुनी तुळई उतरवली. बसवताना ती चौघांनी चढवली असेल. आता, आतली माती गळून गेल्यावर, तो एकटाच ती खांद्यावर टाकून अंगणात घेऊन आला आणि सावकाश खाली ठेवली. मामंजी ओसरीवरून उतरले. वाकले, तिच्या टोकाखाली एक हात घातला आणि ते टोक उचललं. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. साठीच्या जवळ आलेला माणूस, एका हातानं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग खाली ठेवलं, आणि हाताला लागलेला हिरवा रंग धोतराला पुसला.

"सूनबाई," ते म्हणाले. "राणी सापडली?"

सुतार करवत चालवत होता. त्यानं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा करवत चालवायला लागला.

"सापडली," मी म्हटलं.

"मारली?"

"मारली."

त्यांनी मान हलवली. ओसरीवर जाऊन टोपली उचलली, छातीशी धरली आणि दारात उभे राहिले. आत शिरले नाहीत.

"मग देव कुठं मांडायचे?"

मी त्यांना स्वैपाकघरातली रस्त्याकडची भिंत दाखवली. त्या खड्ड्यापासून घरात ती सगळ्यात लांब होती.